यंत्रनामे : प्रयोजन आणि घडण

मराठीत ज्योतिषयंत्रांची प्रचलित नावे बहुधा प्रयोजनावरून पडलेली आढळतात. ‘दूर’ व ‘बीन’ या फारसी अवयवांची ‘दुर्बीण’ केवळ पाहण्याचे सांगते. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तील (इ. स. ११५०) यंत्राध्यायात मात्र चक्र, चाप, यष्टी, फलक ही नावे आकृतीवरून आली आहेत. नाव ऐकताच घडणीची कल्पना येते.

पुण्यास विद्यापीठाच्या आवारातील ‘आयुका’च्या प्रयोगशाळेत आज अशी उपकरणे घडविली जातात. जुन्नरनजीक गिरवली येथे २००६ साली सुरू झालेल्या २ मीटर व्यासाच्या दुर्बिणीस जोडलेले उपकरण ताऱ्याचा वर्णपट डोळ्यास दाखवीत नाही. तो संवेदकावर नोंदविते. त्यास ‘वर्णपटदर्शक’ म्हणणे सदोष होय. ‘वर्णपटलेखक’ हेच यथार्थ. तथापि याही नावातून फट, भिंगे, जालक व संवेदक यांची रचना उमगत नाही. म्हणून परिभाषाकोशाने अर्थासोबत अवयव व त्यांचा क्रमही द्यावा.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. लोह्याहून नांदेडच्या विद्यापीठात येणाऱ्या विद्यार्थ्यास मराठीतून घडणीची भाषा लाभली नाही, तर यंत्र ही त्यास पाहावयाची वस्तू वाटेल, घडवावयाची नव्हे.