कच्च्या आधारावरची पक्की आवृत्ती

2024 च्या पावसाळ्यात फैजपुरातील एका शाळेच्या संगणक कक्षात आम्ही मुलांना घनाकृती पडद्यावर फिरवून दाखवणार होतो. आदल्या रात्री घरच्या संगणकावर सारे सुरळीत चालले होते. शाळेत तीच आज्ञावली, त्याच ओळी; पण पडद्यावर आकृतीऐवजी चुकांची लांबलचक जंत्री. तास तिच्याशी झगडण्यातच गेला आणि मुलांनी शेवटी फळ्यावरचा शंकू वहीत उतरवून घेतला. कारण साधे होते. आमची आज्ञावली ज्या लायब्ररीवर उभी होती, तिची घरी जुनी आवृत्ती होती आणि शाळेत त्याच सकाळी उतरवून घेतलेली नवी. कोणती आवृत्ती लागेल हे आम्ही कोठेच लिहून ठेवले नव्हते. तेव्हा दोष आमचाच.

हा प्रसंग सांगण्याचे कारण असे की, मुक्त आज्ञावल्या तयार करून जगाला देणारी जाणती मंडळीही हीच चूक मोठ्या प्रमाणावर करतात. आज कोणतीही आज्ञावली एकटी नसते. गणित एका लायब्ररीचे, चित्र दुसरीचे, खिडक्या आणि बटणे तिसरीची. अशा आधाराला संगणकवाले ‘डिपेंडन्सी’ म्हणतात. आधार स्थिर असेल तर प्रश्न नाही. पण त्याची हवी असलेली सोय अजून कच्च्या, प्रसिद्ध न झालेल्या आवृत्तीतच असेल तर? शिक्षकांना हे समजावून सांगायला नको. नवे पाठ्यपुस्तक छापून येण्यापूर्वीच त्याच्या मसुद्यावरून गाईड काढणारा प्रकाशक आठवा. मसुद्यातला धडा ऐनवेळी गळला, की गाईडमधली उत्तरे लोंबकळत राहतात.

अशा वेळी तीन वाटा असतात. थांबणे, तेवढी सोय वगळून बाकीचे प्रसिद्ध करणे, किंवा त्या कच्च्या लायब्ररीची प्रत आपल्याच आज्ञावलीत घालून टाकणे. तिसरी वाट सर्वांत मोहाची आणि आमच्या मते सर्वांत वाईट. मूळ लायब्ररीत पुढे दुरुस्ती झाली तरी आपल्या पोटातली प्रत तशीच राहते. डिसेंबर 2021 मध्ये ‘लॉगफोरजे’ या लायब्ररीत सुरक्षिततेचे मोठे भगदाड सापडले, तेव्हा दुरुस्ती लवकर निघाली; पण ही लायब्ररी आपल्या कोणकोणत्या आज्ञावल्यांच्या पोटात दडली आहे, हे शोधण्यातच अनेक संस्थांचा वेळ गेला.

आपल्या जवळचे उदाहरण ‘मायावी’चे. आयआयटी मुंबईच्या एरोस्पेस विभागाचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी सुरू केलेली ही मुक्त आज्ञावली वैज्ञानिक माहितीची त्रिमितीय चित्रे काढते. नाव समर्पक आहे! चित्रे काढण्याचे मूळ काम मात्र 1993 पासून वाढत आलेली व्हीटीके ही लायब्ररी करते. मायावीची बांधणी होते त्या वेळी संगणकावर जी व्हीटीके असेल, तिच्यातले वर्ग वाचून पायथन भाषेतले त्यांचे जोडवर्ग आपोआप तयार होतात. ही युक्ती आम्हांस फार आवडते. व्हीटीकेमध्ये नवे काही आले तर ते हाताने लिहीत बसावे लागत नाही. पण तिची किंमतही आहे. पायथनची नवी आवृत्ती आली आणि तिच्यासाठी तयार व्हीटीके अजून निघालेली नसली, की मायावीचेही अडते. सूचनांमध्ये व्हीटीके आधी हवी असे स्पष्ट लिहिलेले असते, तरी त्या ओळीचा अर्थ नवख्याला अडल्यावरच कळतो. हे वैगुण्य रचनेचे नाही. रचनेतला धोका वापरणाऱ्याच्या गळी पडतो, हे आहे.

आधार देणाऱ्यानेही काही पथ्ये पाळायची असतात. नमपाय या अंकगणिताच्या लायब्ररीची 2.0 आवृत्ती 16 जून 2024 रोजी निघाली. पहिला आकडा बदलण्याची 2006 नंतरची ही पहिलीच वेळ. पहिला आकडा बदलणे म्हणजे ‘जुने काही मोडेल’ अशी जाहीर कबुली. जुन्या नमपायसोबत बांधलेले यंत्रभाषेतले भाग नवीसोबत चालणार नव्हते; पण नवीसोबत बांधलेले भाग जुनीवरही चालतील अशी तजवीज केलेली होती. आधी पूर्वतपासणीची आवृत्ती काढून सर्वांना आपापले तपासा, असे सांगण्यात आले होते. तरीही अनेकांची मोडतोड झाली. ज्यांनी ‘दोनच्या खालची नमपाय’ एवढे शब्द लिहून ठेवले होते ते वाचले.

मग प्रत्येक आधाराची आवृत्ती खिळ्याने ठोकून टाकावी काय? हा उपदेश सर्रास केला जातो आणि तो अर्धाच खरा आहे. शेवटची वस्तू, म्हणजे एखादा धडा किंवा प्रयोगाची आज्ञावली, देताना सर्व आवृत्त्या नेमक्या ठोकाव्यात. पण आपल्यावर इतर जण उभे राहणार असतील तर ठोकू नये. एका लायब्ररीला एक नमपाय हवी, दुसरीला दुसरी, आणि बिचाऱ्या वापरणाऱ्याला दोन्ही एकत्र बसवताच येत नाहीत. तेथे तपासलेली किमान आवृत्ती सांगावी आणि वरची मर्यादा मोडतोड माहीत असेल तेव्हाच घालावी.

1993 मध्ये सुरू झालेल्या डेबियनची पद्धत याबाबत आम्हांस सर्वांत शहाणपणाची वाटते. सी-डॅकने शाळा-कार्यालयांसाठी केलेली ‘बॉस’ प्रणाली डेबियनवरच बेतलेली आहे. तेथे नवे पॅकेज आधी ‘अस्थिर’ विभागात येते. काही दिवस गेले, नवा गंभीर दोष निघाला नाही, आणि त्याचे सर्व आधार पुढच्या ‘चाचणी’ विभागात मिळत असले, तरच ते पुढे सरकते. आधार मागे आणि इमारत पुढे, असे सहसा होत नाही. याची तक्रार एकच, की स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी निघते आणि तोवर ती शिळी वाटते. शाळेला शिळेपणाचा त्रास होत नाही. चालू तासाला बंद पडण्याचा होतो.

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या मराठीतही उपलब्ध असलेल्या पाठमालेकडे या दृष्टीने पाहावे. प्रत्येक पाठाच्या आरंभी कोणती प्रणाली आणि कोणती आवृत्ती वापरली ते बोलून सांगितले जाते. आम्हांस पूर्वी ते कंटाळवाणे वाटे. पायथन 2 चा आधार 1 जानेवारी 2020 रोजी संपला आणि कंसाशिवाय लिहिलेली छापण्याची आज्ञा नव्या पायथनमध्ये चुकीची ठरते, हे पाहिल्यावर त्या एका वाक्याची किंमत कळली. एक उणीव मात्र राहते. त्या पाठात आज नेमके काय बदलले, हे सांगणारी टीप पाठाशेजारीच मिळायला हवी. शोध घेण्याचे काम विद्यार्थ्यावर पडू नये.

फैजपूरच्या त्या कक्षातील प्रत्येक संगणकाच्या कडेला आता एक कागद चिकटवलेला आहे. पायथनची आवृत्ती, चार लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या आणि बसवल्याची तारीख. पहिला कागद आम्ही लिहिला. पुढचे नववीच्या मुली लिहितात, आणि त्यांचे अक्षर आमच्यापेक्षा बरे आहे.