वाक्यरचनेतील भर आणि ‘अर्थ न बदलता रूपांतर’ : इंग्रजी व्याकरणाच्या अध्यापनाची एक चिकित्सा

प्रस्तावना

२०००-०१ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी हा विषय पहिलीपासून शिकविला जाऊ लागला. त्यामुळे दिंद्रुडसारख्या गावातून आज पदवीच्या वर्गात येणारा विद्यार्थी किमान बारा वर्षे इंग्रजी शिकून आलेला असतो. काळ, वचन, प्रयोग यांचे नियम त्याला सांगता येतात. मात्र वाक्यातील नेमक्या कोणत्या घटकावर भर द्यावयाचा आहे, हे त्याला इंग्रजीतून दाखविता येत नाही. या उणिवेचे मूळ विद्यार्थ्याच्या कुवतीत नसून ‘अर्थ न बदलता वाक्याचे रूपांतर करा’ या रूढ प्रश्नप्रकारात आणि त्यामागील गृहीतकात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

मराठीतील भर

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या जीवनातील एक नित्याचे वाक्य घेऊ : ‘मुकादमाने काल मजुरांना उचल दिली.’ या वाक्यात ‘मुकादमानेच’, ‘कालच’, ‘मजुरांनाच’, ‘उचलच’ किंवा ‘दिलीच’ असा बदल केला, की पाच निराळी विधाने तयार होतात. घटना तीच असते, परंतु प्रत्येक विधान ऐकणाऱ्याच्या मनातील निराळ्या शंकेला उत्तर देते. शालेय व्याकरणात ज्याची गणना शुद्ध शब्दयोगी अव्ययांत केली जाते, तो एकाक्षरी ‘च’ हे सारे कार्य करतो. याशिवाय मराठीचा शब्दक्रम लवचीक आहे. ‘उचल काल मुकादमाने दिली’ असे म्हटले, की क्रियापदाच्या लगत आधी आलेल्या ‘मुकादमाने’ या पदावर आपोआप भर पडतो.

इंग्रजीतील भर

इंग्रजीत नामांना विभक्तिप्रत्यय उरलेले नसल्याने कर्ता व कर्म हे प्रामुख्याने स्थानावरून ओळखावे लागतात. शब्दांची मोकळी अदलाबदल तेथे शक्य नाही. बोलताना आघाताने काम भागते, पण कागदावर आघात उमटत नाही. म्हणून लेखनात ही जबाबदारी वाक्यरचनेवर येते. वरील पाच वाक्यांपैकी पहिल्याचे इंग्रजी ‘इट वॉज द मुकादम हू गेव्ह द वर्कर्स ॲन ॲडव्हान्स यस्टरडे’ असे होईल. दुसऱ्यासाठी ‘इट वॉज यस्टरडे दॅट...’ आणि तिसऱ्यासाठी ‘इट वॉज द वर्कर्स दॅट...’ अशी रचना येईल. चौथ्यासाठी ‘व्हॉट द मुकादम गेव्ह द वर्कर्स यस्टरडे वॉज ॲन ॲडव्हान्स’ असे म्हणावे लागेल, तर पाचव्यासाठी क्रियापदापूर्वी ‘डिड’ योजावे लागेल. एकच वाक्य दुभंगून त्यातील एका घटकाला पुढे आणणाऱ्या या रचनेला डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी १९३७ मध्ये ‘क्लेफ्ट सेंटेन्स’ ही संज्ञा दिली. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच व स्वार्टविक यांच्या १९८५ च्या बृहद् व्याकरणात आणखी एक तत्त्व विस्ताराने मांडले आहे. नवी व महत्त्वाची माहिती सामान्यतः इंग्रजी वाक्याच्या शेवटाकडे जाते, हे ते तत्त्व होय.

ही साधने हाताशी नसल्याने आपला विद्यार्थी प्रत्येक ‘च’ साठी ‘ओन्ली’ वापरतो. ‘ही केम टुडे ओन्ली’ यासारखी वाक्ये त्यातूनच जन्मतात. ‘कालच तर भेटलो’ येथे ‘ओन्ली यस्टरडे’ अगदी योग्य ठरते. पण ‘परवा नव्हे, कालच’ या अर्थी ते अपुरे पडते. एका अव्ययाचा एकच प्रतिशब्द पाठ करून घेतल्याने हा भेद पुसला जातो.

‘कर्मणी’ आणि ‘पॅसिव्ह’ : एक समीकरण

याहून गंभीर गोंधळ प्रयोगाच्या बाबतीत होतो. मो. के. दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथापासून ज्याची सविस्तर चर्चा होत आली, तो मराठीतील ‘प्रयोग’ मुख्यत्वे क्रियापद कोणाशी अन्वय राखते, यावर ठरतो. ‘मुकादमाने उचल दिली’ हे कर्मणी प्रयोगाचे वाक्य आहे. तरीही त्याचे स्वाभाविक इंग्रजी भाषांतर ‘ॲक्टिव्ह’च होते. इंग्रजीतील ‘पॅसिव्ह’ची निवड मात्र बहुधा कशाविषयी बोलावयाचे व भर कोठे द्यावयाचा, यावर अवलंबून असते. कर्ता हीच नवी माहिती असेल, तर तो ‘बाय’सह वाक्याच्या शेवटी जातो. कर्ता ज्ञात, अज्ञात वा अनावश्यक असेल, तर तो गळतो. ‘कर्मणी म्हणजे पॅसिव्ह’ हे समीकरण वर्गात मांडले, की या निवडीचे कारणच नाहीसे होते आणि ‘बाय’ जोडण्याचे यांत्रिक कौशल्य तेवढे शिल्लक राहते.

रूपांतराच्या प्रश्नाची मर्यादा

‘द कॉन्ट्रॅक्टर डिड नॉट पे द वर्कर्स’ आणि ‘द वर्कर्स वेअर नॉट पेड’ ही दोन्ही वाक्ये एकाच घटनेविषयी खरी असू शकतात. परंतु पहिल्यात जबाबदार व्यक्ती समोर उभी राहते, तर दुसऱ्यात ती दिसेनाशी होते. मजुरी थकल्याचा तक्रार-अर्ज लिहिणाऱ्यास पहिली रचना हवी असते. जबाबदारी टाळू पाहणाऱ्यास दुसरी सोयीची वाटते. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात, तेथील विद्यार्थ्याला ही दोन वाक्ये समानार्थी आहेत असे शिकविणे, हे केवळ व्याकरणाचे अपुरे शिक्षण नव्हे. दुसऱ्याने लिहिलेल्या वाक्यात काय झाकले आहे, हे ओळखण्याची शक्तीच त्यामुळे कुंठित होते. ‘नो सूनर... दॅन’, ‘हार्डली... व्हेन’ यांसारख्या रचनांचीही हीच गत होते. साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येते हा नियम पाठ होतो, परंतु त्या उलट्या क्रमाने दोन घटनांतील तातडी ठळक होते, ही जाणीव दिली जात नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मोठ्या पटसंख्येच्या वर्गात वस्तुनिष्ठ तपासणीसाठी रूपांतराचाच प्रश्न सोयीचा असतो. दुसरा आक्षेप असा की, आधी रचना अवगत झाल्याखेरीज तिचा हेतू शिकविता येत नाही. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. पण त्यांतून रूपांतराचा सराव आवश्यक ठरतो, अर्थ बदलत नाही हे गृहीतक नव्हे. वाक्यापूर्वी एक प्रश्न दिला, तरी पुरे. ‘उचल कोणी दिली?’, ‘केव्हा दिली?’, ‘खरेच दिली का?’ यांपैकी ज्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे, त्यानुसार रचना निवडावयास सांगावे. तपासणी तितकीच वस्तुनिष्ठ राहील, मात्र निवडीला कारण मिळेल.

निष्कर्ष

भर ही वाक्यावर चढविलेली सजावट नसून अर्थाचाच एक भाग आहे. मराठी भाषक विद्यार्थ्याला तिची जाण उपजत असते, कारण ‘च’ कोठे लावावा हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. इंग्रजीच्या अध्यापकाने ही जाण अडथळा न मानता अध्यापनाचा आरंभबिंदू मानली पाहिजे. त्यासाठी नव्या पाठ्यपुस्तकाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रश्नपत्रिकेतील ‘अर्थ न बदलता’ हे तीन शब्द वगळून त्यांच्या जागी एक संदर्भ द्यावा, एवढ्यानेही सुरुवात होऊ शकते. सतत सर्वच शब्दांवर भर दिला तर कोणताच शब्द उठून दिसत नाही, हा विवेकही अशाच सरावातून येईल.