पंपावरचं ओलं फडकं

प्रीमियर पद्मिनीला चार दारं आहेत. त्यामुळे तिला कूपे म्हणायला कुणी धजणार नाही, आणि आलिशान म्हटलं तर आजची पोरं हसतील. पण ती ज्या फियाट 1100 वरून आली, तिचीच यंत्रं घेऊन पिनिनफारिना या डिझाइन कंपनीने पन्नासच्या दशकात इटलीत दोन दारांची देखणी कूपे घडवली होती. ती आपल्याकडे आली नाही. आपल्याकडे आलं परमिटराज. अँबॅसडर, फियाट, नाहीतर स्टँडर्ड, यांतलं एक निवडायचं, पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं नंबराची वाट बघायची. त्या काळात जळगावातल्या केळीच्या नाहीतर कपाशीच्या व्यापाऱ्याच्या ओट्यासमोर, धुळ्यातल्या डॉक्टर-वकिलाच्या दारात जी फियाट उभी असायची, तीच खान्देशची कूपे.

बाहेरून ती देखणी आहेच. पण ज्याने कधी तिचं बॉनेट उघडून सकाळ घालवली नाही, त्याने तिची फक्त मुखपृष्ठावरून ओळख करून घेतली असं मी म्हणेन. आत झाकपाक नाही. पेट्रोलची नळी कुठून येते, कुठे जाते, हे बोटाने सांगता येतं. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, 68 मिलिमीटरचा बोअर, 75 चा स्ट्रोक. हे माप 1937 सालचं. फियाटचा अभियंता दान्ते जाकोझा याच्या हाताखाली तयार झालेल्या फियाट 508 सी मध्ये ते पहिल्यांदा आलं. पुढे इटलीने 1100 डी ला 1221 सीसीचं इंजिन दिलं, आपल्या कुर्ल्याच्या कारखान्याने मात्र 1089 सोडलं नाही. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये काढलेल्या प्रीमियर कंपनीने आधी ‘डुक्कर फियाट’ बनवली (पुढची दारं उलटी उघडणारी, आमच्या वडीलधाऱ्यांची लाडकी), मग डिलाइट, आणि सत्तरच्या दशकात त्याच डिलाइटची पद्मिनी झाली. जुनंच रेटलं अशी टीका तेव्हा पुष्कळ झाली, आणि ग्राहक म्हणून ती बरोबरच होती. पण घरी दुरुस्ती करणाऱ्याला त्या आळसाचा फायदाच झाला: एका गाडीवर हात बसला की तिच्या मागच्या-पुढच्या सगळ्या बहिणी ओळखीच्या होतात.

शिवाय ती इटालियन, म्हणून सगळे नट मिलिमीटरचे. अँबॅसडर खोलायची तर इंची पाने वेगळे लागतात. फियाटला घरातल्या डब्यातले दहा-अकरा, तेरा, सतराचे पाने पुरतात.

खान्देशात या गाडीची खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये असते. जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, आणि जळगावहून धुळ्याला निघालेली पद्मिनी एरंडोल, पारोळ्याच्या आसपास कुठेतरी एकदम खोकायला लागते, रेस घेत नाही आणि बंद पडते. टाकीत पेट्रोल आहे, प्लगला ठिणगी आहे, तरी गाडी हलत नाही. मिस्त्री म्हणतो, पंपाने हवा धरली. खरं तर ती हवा नव्हे, पेट्रोलची वाफ. पेट्रोलमधले हलके घटक एवढ्या उष्णतेत उकळायला लागतात. पंप बसवलेला असतो तापलेल्या इंजिनच्या अंगाला, आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की उकळणं आणखी लवकर. पंपातला रबरी पडदा वर-खाली होत राहतो, पण नुसती वाफ दाबतो आणि सोडतो. कार्बोरेटरपर्यंत थेंब जात नाही.

यावरचा इलाज रस्त्याकडेच्या कुठल्याही म्हाताऱ्या ड्रायव्हरला ठाऊक असतो. फडकं भिजवायचं, पंपावर गुंडाळायचं, पाच-दहा मिनिटं थांबायचं. मला या इलाजातली अक्कल फार आवडते, कारण ती अस्सल इथली आहे. आमच्या घराघरातला वाळ्याचा कूलर ज्या नियमावर चालतो, तोच हा नियम. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. मुंबईच्या दमट हवेत हेच फडकं बराच वेळ नुसतं ओलं राहील. कुर्ल्यात जन्मलेल्या गाडीचा हा इलाज कुर्ल्यापेक्षा पारोळ्यात जास्त लागू पडतो, यात मला गंमत वाटते.

रोजच्या देखभालीतली सगळ्यात रसाळ जागा म्हणजे डेलको, अर्थात डिस्ट्रिब्युटर. झाकण काढलं, रोटर उचलला की खाली सीबी पॉइंट दिसतात. शाफ्टचा उंचवटा त्यांना उघडतो, ते मिटतात, पुन्हा उघडतात. त्यांच्यातली फट सगळ्यात जास्त उघडलेली असताना साधारण 0.4 मिलिमीटर असावी. फिलर गेज नसेल तर पोस्टकार्ड घालून बघणारे लोक होते, आणि त्यांच्या गाड्या सुरळीत चालायच्या. पण फट लावण्याआधी पॉइंट नीट वाचले पाहिजेत. एका बाजूला धातूचा बारीक डोंगर आणि समोर तेवढाच खड्डा दिसला, तर बहुधा कंडेन्सर बिघडतोय किंवा चुकीचा बसलाय. नुसते पॉलिश पेपरने घासून परत बसवले तर दोन आठवड्यांत तोच डोंगर. प्लगही असेच बोलतात: चॉकलेटी असला तर मिश्रण बरोबर, काजळी धरली तर पेट्रोल जास्त, पांढराफटक झाला तर कमी. ही लिपी शिकायला शाळा लागत नाही, पण घाईही चालत नाही.

टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीचं, सौंदर्य वेगळं, ते हिशेबाचं आहे. या इंजिनात सिलिंडर 1-3-4-2 अशा क्रमाने पेटतात. त्यामुळे पहिल्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना चौथ्याचा तोच व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेला आणि मोकळा असतो. दुसऱ्याची जोडी तिसऱ्याशी. एवढं लक्षात ठेवलं की कॅम कुठे आहे हे शोधत बसावं लागत नाही. इंजिन हाताने फिरवत एकाचा उघडा बघायचा आणि त्याच्या जोडीदाराची फट लावायची. गेज सरकताना हाताला किंचित ओढ लागली पाहिजे. ओढ नसेल तर टॅपेट वाजतील. गेज अडकला तर आवाज येणार नाही, पण पुढे व्हॉल्व्ह जळेल. वाजणारी गाडी शांत गाडीपेक्षा कमी धोक्याची, हे नवशिक्याला पटवणं कठीण जातं.

सगळंच गोडवे गाण्यासारखं नाही. स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांडीची जोडणी ही या गाडीची जुनी दुखरी जागा. बुश झिजले की दोन गिअरच्या मधे कांडी अडकते, आणि भर चौकात उतरून, बॉनेट उघडून, हाताने हलवून सोडवावी लागते. मूळ सुटे भाग आता बहुतेक मुंबईला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधायचे. पण बुशसाठी तेवढं लांब जायची गरज नाही. जळगावात डाळमिलची कामं करणारे लेथवाले आहेत, धुळ्यात आग्रा रोड आणि सुरत-नागपूर रस्ता एकमेकांना छेदतात म्हणून ट्रकची कामं करणारे आहेत. जुना बुश नमुन्याला दिला की नवा मिळतो.

जुन्या पद्मिनीला एसी, जाड टायर आणि चकचकीत चाकं बसवून मिरवणाऱ्यांशी माझं पटत नाही. त्यांनी तिचं वजन वाढवलं, स्टिअरिंग जड केलं आणि ते साधी गोष्ट विसरले: किंगपिनच्या निपलांना वेळेवर ग्रीस. काळ्या मातीची धूळ त्या सांध्यात शिरली की ती कानसेसारखं काम करते. आतापर्यंत पन्नास वर्षं पुरी झालेल्या गाड्यांना 2021 च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंद मिळू शकते; पण त्या नियमाला गाडी मूळ रूपात हवी असते, आणि त्या अटीशी मी सहमत आहे.

सध्याची मोठी काळजी मात्र पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलची आहे. वीस टक्के इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. नळ्या फुगतात, पंपाचा पडदा कडक होतो, आणि गाडी महिनाभर उभी राहिली तर इथेनॉलने ओढलेल्या पाण्यामुळे कार्बोरेटरच्या वाटीत पांढरी बुरशी धरल्यासारखं दिसतं. नळ्या आणि पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घालायचे, गाडी आठवड्यातून एकदा तरी फिरवायची, आणि उभीच ठेवायची असेल तर वाटी रिकामी करायची.

हे सगळं झाल्यावर ती बरोबर लागली की नाही हे बघायला वेग लागत नाही. पहाटे उन्हाआधी पाळधीच्या बाजूला न्यायची, चौथ्या गिअरमध्ये ताशी तीसवर आणायची आणि पाय हळूच दाबायचा. झटका न देता ओढत गेली तर पॉइंट, प्लग, कार्बोरेटर तिन्हींचं जमलं. अडखळली, तर इंजिन थंड झाल्यावर डेलकोचं झाकण पुन्हा उघडायचं.