द्विभाषी बालक आणि शब्दगणनेचा दोष

घरात दोन भाषा असल्या की मूल उशिरा बोलू लागते, ही समजूत पालकांत रूढ आहे. आश्चर्य इतकेच की तिला शास्त्राचा आधार आहे असे पुष्कळ सुशिक्षितही मानतात. तो आधार तपासू जाता दोष बालकाच्या वाणीपेक्षा ती मोजणाराच्या पद्धतीत आढळतो.

वर्नर लिओपोल्ड यांनी आपली कन्या हिल्डेगार्ड हिच्या भाषाविकासावर लिहिलेले चार खंड (१९३९–१९४९) हे या विषयातील पायाभूत कार्य होय. पिता तिच्याशी जर्मन बोले, माता इंग्रजी. आरंभीच्या सुमारे दोन वर्षांत बालिकेच्या ठायी दोन भाषांची मिळून एकच व्यवस्था होती, असा त्यांचा निष्कर्ष. नोंदींची सूक्ष्मता निर्विवाद आहे. परंतु एका मुलीवरून, आणि तीही भाषाशास्त्रज्ञाच्या घरची, सर्वसामान्य सिद्धान्त काढणे धाडसाचे ठरते. फ्रेड जेनेसी यांनी १९८९ मध्ये घेतलेला आक्षेप अधिक मर्मग्राही आहे. मूल भाषांची सरमिसळ करते एवढ्यावरून त्याला त्या वेगळ्या कळत नाहीत असे सिद्ध होत नाही. वडीलधारी माणसे त्याच्यापुढे किती सरमिसळ करतात, हे आधी नोंदले पाहिजे.

खरी मेख गणनेत आहे. दोन वर्षांच्या सुमारास पन्नासेक शब्द आणि दोन शब्दांची जुळणी, ही तपासणीतील प्रचलित खूण. समजा, बेळगावच्या एखाद्या बालकापाशी मराठीचे ३० आणि कन्नडचे ३० शब्द आहेत. केवळ मराठी मोजणारा त्याला मागासलेले ठरवील. दोन्ही मोजणारा ६० म्हणेल. ‘पाणी’ आणि ‘नीरु’ अशा १५ जोड्या एकेकच धरल्या, तर संख्या ४५ वर येते व बालक पुन्हा खुणेखाली जाते! बार्बरा पिअर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मायामीतील इंग्रजी-स्पॅनिश बालकांविषयी लिहिलेल्या निबंधाचे (१९९३) श्रेय हे की, दोन्ही भाषा एकत्र मोजल्यास ही बालके मागे पडतात असा पुरावा मिळत नाही, हे त्याने दाखविले. तथापि संकल्पनांची गणना ही शब्दांची गणना नव्हे. ‘नीरु’ शिकणाऱ्या बालकाने नवा ध्वनिसमूह आत्मसात केलेलाच असतो. तो श्रम वजा करण्याचे कारण दिसत नाही.

‘एक व्यक्ती, एक भाषा’ हा मोरिस ग्रामों यांचा सल्ला ज्यूल रोंजा यांनी आपल्या पुत्राबाबत पाळला व १९१३ मध्ये त्याचा वृत्तान्त दिला. त्या फ्रेंच-जर्मन घराला तो मानवला. परंतु गंपर्झ व विल्सन यांनी १९७१ मध्ये वर्णिलेल्या सांगली जिल्ह्यातील कुपवाडसारख्या गावात तो कसा लागू व्हावा? तेथे तीच व्यक्ती घरी कन्नड किंवा उर्दू आणि इतर गटांशी मराठी बोलते. अशा गावातील आईने कोणती भाषा ‘आपली’ म्हणून राखावी, याचे उत्तर रोंजांच्या ग्रंथात नाही.

‘घरची एक भाषा बंद करा’ हा सल्ला मात्र आजही दिला जातो. त्याने आजीचे नातवंडाशी बोलणे तुटते. आणि त्याहून गंभीर असे की, मुलाच्या श्रवणात दोष असल्यास तो द्विभाषिकतेच्या नावाखाली महिनोन्‌महिने झाकला जातो. असा दोष दोन्ही भाषांत सारखाच प्रकट होतो. म्हणून दोन्ही भाषा मिळूनही शब्द थोडे भरतात, त्या बालकाच्या कानांची तपासणी तत्काळ व्हावयास हवी.