चुना दिसला म्हणजे समुद्र होता?

आमच्या उदगीरकडे काळ्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे निघाले की कुणीतरी हमखास म्हणतं, "इथं आधी समुद्र होता." ऐकायला भारी वाटतं. पण इथला खडक बेसॉल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. तो झिजताना कॅल्शियम सुटतं, पावसाच्या पाण्याबरोबर मातीत मुरतं आणि कोरड्या दिवसांत त्याचे कार्बोनेटचे खडे होतात. ते पाऊसपाण्याची गोष्ट सांगतात, समुद्राची नाही.

मग समुद्र ओळखायचा कसा? नागपूरच्या उत्तरेला, छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली आहे. तिथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये गाळ अडकलाय. गेर्टा केलर, सुनील बाजपेयी, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी २००९ साली त्यावर पेपर लिहिला. या गाळात त्यांना फोरॅमिनिफेरा सापडले: समुद्रात तरंगणाऱ्या एकपेशीय जीवांची कॅल्साइटची कवचं. काळ साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, डायनोसॉर संपल्यानंतर लगेचचा.

हा पुरावा मला पटतो. नुसतं कॅल्साइट तळ्यातही तयार होतं, पण हे जीव समुद्रातलेच. नदी त्यांना उलटं, चढावर वाहून आणणार नाही. शिवाय सोबत ऑस्ट्रॅकॉड या कवचधारी जीवांचीही साक्ष आहे. एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन लॉग एकच गोष्ट सांगत असतील तर डीबग करणारा माणूस विश्वास ठेवतो.

माझी तक्रार शीर्षकाशी आहे. त्यात थेट भारताच्या आरपार गेलेला मोठा सागरी मार्ग येतो. पेपरच्या आत मात्र लेखकच सांगतात की तिथला बहुतेक गाळ जमिनीवर साचलेला आहे, मध्ये गोडी तळी आहेत आणि समुद्र थोड्याच काळासाठी येतो. एका ठिकाणच्या थरावरून समुद्र इथवर पोचला एवढं म्हणता येतं. तो नर्मदा-तापीच्या खचलेल्या पट्ट्यातून आला, हा चांगला तर्क आहे. नर्मदेच्या खोऱ्यातल्या बाघचा चुनखडक त्याहून जुन्या समुद्राची खूण आहेच. पण 'आरपार' म्हणायला वाटेत त्याच वयाचे आणखी थर हवेत.

हवामानाचंही तसंच. कार्बोनेटमधल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून जुन्या पाण्याचं तापमान काढतात. पण पाणी गोडं असेल तर आकडा बदलतो, आणि नंतर खडकात पावसाचं पाणी मुरलं तर जुनी नोंदच पुसली जाते. म्हणून आकड्याआधी विचारायचं: हे कवच अजून मूळचंच आहे ना?

हा नुसता शब्दांचा कीस नाही. त्या काळी दख्खनचे ज्वालामुखी हवेत कार्बन डायऑक्साइड सोडत होते, आणि त्याचा पृथ्वीवर काय परिणाम झाला हे शास्त्रज्ञ अशाच थरांतून वाचतात. शेअर होतं ते शीर्षक. झिलमिलीची खरी गंमत मात्र आतल्या मजकुरात आहे: माती, तळं, थोडा वेळ समुद्र, पुन्हा माती आणि वर लाव्हा.