विंडोज १० नंतर काय?

विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमला कंपनीकडून मिळणाऱ्या मोफत सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. तेव्हापासून अहेरीसारख्या तालुक्याच्या गावीही शाळांना एकच सल्ला मिळतो : जुना संगणक काढा, नवा घ्या. हा सल्ला तपासून पाहायला हवा, असे आम्हाला वाटते.

सुधारणा थांबल्या म्हणजे संगणक बंद पडत नाही. दाखले छापले जातात, पत्रे लिहिता येतात. मात्र सिस्टीममध्ये नव्याने सापडलेली भोके यापुढे बुजवली जात नाहीत. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरातल्या फायली कुलूपबंद केल्या. त्यावरची दुरुस्ती कंपनीने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांना फटका बसला. तेव्हा ‘चालतंय ना, मग चालू द्या’ हे धोरण योग्य नव्हे.

पहिला मार्ग विंडोज ११चा. तिला ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठवण पुरते. अडचण वेगळीच आहे. टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. प्रोसेसरच्या ‘आय५-७४००’ या नावातला ७ म्हणजे सातवी पिढी. असा संगणक बाद. विंडोज ११ आली ऑक्टोबर २०२१ मध्ये, म्हणजे २०१७ साली घेतलेली कित्येक यंत्रे चार-पाच वर्षांतच अपात्र ठरली. टीपीएम गुप्त किल्ल्या वेगळ्या जपते, हा फायदा खरा आहे. पण ज्या शाळेला नवे यंत्र परवडत नाही, तिच्या वाट्याला या अटीमुळे अधिक सुरक्षित संगणक येत नाही. दुरुस्तीविना उरलेला जुनाच संगणक येतो. आमचा मुख्य आक्षेप हा आहे. अट चुकवून सिस्टीम बसवण्याच्या युक्त्या आहेत, परंतु त्यावर पुढील सुधारणा मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही.

दुसरा मार्ग मुदतवाढीचा. शिक्षणसंस्थांच्या परवान्यांवर कंपनीने दर संगणकामागे पहिल्या वर्षी १, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर असा दर जाहीर केला. ही सोय ऑक्टोबर २०२८ पर्यंतचीच. हे उत्तर नव्हे, पण तयारीला वेळ मिळतो. विक्रेते मात्र या सोयीबद्दल क्वचितच बोलतात.

तिसरा मार्ग लिनक्सचा. आपल्या सी-डॅकने डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही सिस्टीम २००७ मध्ये आणली. केरळने तर शाळांतले संगणक मुक्त प्रणालीवर आणले. तिथे सीडी वाटून काम भागले नाही. शिक्षकांना शिकवण्यावर भर दिला गेला. शालार्थ, यू-डायस ही कामे ब्राउझरमधून होतात, त्यामुळे तिथे सहसा अडायचे कारण नाही. अडते ते फक्त विंडोजवर चालणाऱ्या हिशेबाच्या प्रोग्रॅमपाशी आणि डिजिटल सहीच्या उपकरणापाशी. ती आधी तपासावीत.

चौथी अडचण कोणत्याही मार्गावर येते : जुन्या फाँटमधले मराठी. ‘शिवाजी’ किंवा ‘श्रीलिपी’त टंकलेली पत्रे तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हे दाखवतात. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तेलुगूही आहे, आणि २०१७ मध्ये मसराम गोंडी लिपीही आली. मराठी, तेलुगू, गोंडी बोलणाऱ्या या भागात सिस्टीमच्या नावापेक्षा युनिकोडला अधिक महत्त्व द्यायला हवे.

म्हणून आमचा क्रम असा. प्रथम सर्व फायलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. जुनी मराठी कागदपत्रे युनिकोडमध्ये आणावीत. मग रोज लागणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी करावी. यंत्र विंडोज ११ला पात्र असेल तर ती घ्यावी. नसेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावी, त्यासाठी हार्डडिस्कला हात लावावा लागत नाही. बदल एकाच संगणकापासून सुरू करावा, आणि तोही पावसाळ्यापूर्वी. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा दिवसांत अडलेला संगणक सुरू करायला बाहेरून कोणी येऊ शकत नाही. यादी करणे, प्रती काढणे, प्रोसेसरची पिढी पाहणे ही कामे वरच्या वर्गातील विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली सहज करू शकतील. नव्या यंत्राची मागणी त्यानंतरच, कारणासह, लिहावी.