‘अमेरिका’ या नामाची व्याप्ती : टाइम्स स्क्वेअरमधील एक रचना

नामाचा निर्देश कोणत्या वस्तूकडे व्हावा, हे रूढी ठरविते. परंतु ती रूढी कोणाची, हा प्रश्न व्याकरणात सहसा विचारला जात नाही. चिलीत जन्मलेले कलावंत आल्फ्रेदो जार यांनी तो न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअर या चौकात विचारला. त्यांची ‘अ लोगो फॉर अमेरिका’ ही रचना १९८७ साली तेथील दिव्यांच्या जाहिरातफलकावर, जाहिरातींच्या मधोमध, झळकली. प्रथम संयुक्त संस्थानांची नकाशाकृती व तीवर ‘ही अमेरिका नव्हे’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य. मग त्या देशाचा ध्वज व तो अमेरिकेचा नव्हे असे सांगणारे वाक्य. अखेरीस ‘अमेरिका’ हा शब्द आणि त्यातील ‘आर’ या अक्षराच्या जागी उत्तर व दक्षिण खंडांचा संयुक्त नकाशा.

वर्णन म्हणून पाहता पहिले वाक्य असत्य ठरते. इंग्रजी व्यवहारात ‘अमेरिका’ म्हणजे बहुधा तो एक देशच होय. तथापि लॅटिन अमेरिकेतील स्पॅनिश भाषक हे नाम सामान्यतः संपूर्ण भूभागास लावतात. १५०७ सालच्या वाल्डझेम्युलरच्या नकाशावर ते प्रथम आले, तेही दक्षिणेकडील भूभागावर. अर्थात् मूळ प्रयोगावरून प्रचलित अर्थाचा निर्णय होत नाही. म्हणून जार यांचे वाक्य एका रूढीने दुसरीस घेतलेली हरकत म्हणून वाचावयास हवे.

या हरकतीचे बळ दर्शक सर्वनामात आहे. इंग्रजीत त्यास लिंग नाही. त्यामुळे बोट देशाकडे आहे, चित्राकडे आहे की नावाकडे, हे अनिश्चित राहते. मराठीत ‘ही’ म्हटल्यास देश, ‘हे’ म्हटल्यास चित्र वा नाव, अशी निवड करावीच लागते. अखेरच्या दृश्यात मात्र कोडे सोडवून दाखविल्याने रचना बोधचिन्हाच्या पातळीवर उतरते. २०१४ साली ती त्याच चौकात अनेक फलकांवर, मध्यरात्रीपूर्वीच्या राखीव वेळात, पुन्हा दाखविली गेली. तेव्हा जाहिरातींत अवचित घुसण्याचा मूळचा गुणही ओसरला.

तरीही तिचा प्रश्न मराठी वाचकाला चुकविता येत नाही. मराठीतही ‘अमेरिका’ म्हणजे तो देश. इतरांस ‘दक्षिण’, ‘मध्य’, ‘लॅटिन’ अशी विशेषणे जोडावी लागतात. ज्यास विशेषण लागते तो दुय्यम, ही व्यवस्था शब्दकोशाने निर्माण केली नसली, तरी तो ती निमूटपणे नोंदवीत असतो.